ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्या

फार फार मागची गोष्ट आहे, बाळांनो. मोठ्यांनीही ऐकावी.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. एका वर्षी डोंगरापलीकडे दुष्काळ पडला आणि तिकडची काही कुटुंबं पोटामागे या गावात आली. नदीच्या वाळूत त्यांनी कलिंगडं लावली, काठावर झोपड्या बांधल्या. त्यांची बोली मात्र गावात कुणालाच कळत नव्हती.

त्यांच्यात नीलव्वा नावाची एक म्हातारी होती. तिच्या झोपडीशेजारीच गावातल्या गोजराईचं घर. रोज दुपारी दोघी गोजराईच्या ओट्यावर वाल सोलत बसायच्या. गोजराई आपल्या बोलीत गुडघ्याचं दुखणं सांगे. नीलव्वा तिच्या बोलीत काय सांगे, देव जाणे. एक हसली की दुसरीही हसे. एकदा काहीतरी सांगता सांगता नीलव्वाला रडू फुटलं. गोजराईला शब्दही कळला नाही, पण नीलव्वाचं बोलणं संपेपर्यंत तिने तिचा हात सोडला नाही.

पुढे गावचा मुखिया वारला. नवा मुखिया निवडायचा होता. गोजराईचा मुलगा तुळाजी पुढे आला. माणूस वाईट नव्हता. पण चावडीवर तो बांधाच्या डागडुजीबद्दल बोलू लागला की लोक जांभया देत. एकदा तो म्हणाला, "हे बाहेरचे आले आणि आपल्या गायी आटल्या!" तशी सगळी चावडी सावरून बसली. मग तो रोज तेच बोलू लागला.

गोजराईने विचारलं, "कलिंगडांमुळे गायी आटतात का रे?"

तुळाजी हसला. "आई, असं बोलावं लागतं."

तुळाजी मुखिया झाला. डोक्याला पागोटं बांधलं गेलं आणि लगेच दवंडी पिटली, "विहिरीवर, बाजारात, ओट्यावर, गावाचीच बोली बोलायची! येत नसेल त्याने गप्प राहायचं. हुकूम मोडेल त्याची वाळूतली जागा जाईल!" झोपड्यांपाशी दवंडीवाल्याने ते ओठांवर बोट ठेवून खुणांनीही समजावलं.

दुसऱ्या दिवशी नीलव्वा ओट्यावर आली. ओठ घट्ट मिटून वाल सोलत राहिली. रस्त्यावर पाऊल वाजलं की दचकायची. समोरची शेजारीण दारातून डोकावली. "काय गं गोजराई, बोलली का ही काही?"

त्यानंतर नीलव्वा आलीच नाही.

आणि गोजराईही बोलेनाशी झाली. तुळाजीने विचारलं, "आई, जेवलीस?" उत्तर नाही. वैद्य आला. घसा पाहून म्हणाला, "दुखणं घशाचं नाही."

संध्याकाळी तुळाजी आईच्या पायाशी बसला. "माझं काय चुकलं, ते तरी सांग."

गोजराईने त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तू फार उशिरा बोलायला लागलास, तुळ्या. बरोबरीची पोरं गाणी म्हणायची, आणि तू नुसता ऊं ऊं करायचास. लोक हसायचे. मला तरी कुठे कळत होतं? पण मी तुझ्याजवळ बसून ऐकत राहायचे. कळत नाही म्हणून तुला कधी गप्प बस म्हटलं का रे मी?"

तुळाजीने मान खाली घातली.

सकाळी तो चावडीवर उभा राहिला. "गायी चाऱ्यावाचून आटल्या. मला ते ठाऊक होतं. मी खोटं बोललो. दवंडी मागे घेतो."

लोक खवळले. "याच बोलण्यावर तुला निवडलं!" कुणीतरी त्याच्या डोक्यावरचं पागोटं ओढून काढलं. दुसरा मुखिया निवडला गेला. पण गायींचं खरं कारण आता सगळ्यांनी ऐकलं होतं. पुन्हा तशी दवंडी पिटायला कुणाची जीभ रेटली नाही.

बोडक्या डोक्याने तुळाजी नीलव्वाच्या झोपडीशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, चुकलो."

नीलव्वाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग जे बोलायला लागली, ते थांबेचना! इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं तिच्या बोलीत बाहेर पडलं. त्यात राग होता, रडू होतं, आणि मागे राहिलेल्या कुठल्याशा घराची आठवणही असावी. तुळाजीला एक अक्षर कळलं नाही. पण तो उन्हात उभा राहिला, हात जोडून, तिचं बोलणं संपेपर्यंत.

संपलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले, आत गेली, आणि कलिंगडाची एक लालभडक फोड आणून त्याच्या हातावर ठेवली.

म्हणून सांगतो, ज्याचं बोलणं आपण मनापासून ऐकून घेतो, तो मग परका राहत नाही.