पहिल्या दह्याचा पुरावा

“पहिलं दही कुणी लावलं?”

राजा सोमधराने भर दरबारात विचारलं. राजा शिकारीला निघाला होता. राणीने रीतीप्रमाणे त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली, आणि तिथेच त्याचं घोडं अडलं. महिनाभर त्याला एकच खूळ लागलं होतं. घरातल्या प्रत्येक वस्तूचं, प्रत्येक रीतीचं मूळ शोधून ग्रंथ करायचा! उखळ पहिल्यांदा कुणी कोरलं? केरसुणीला पाय का लावायचा नाही? विश्वंभरपंडित दर वेळी एखाद्या ऋषीचं नाव ठोकून देई. जन्मात केर काढला नाही, पण उत्तर तयार!

“महाराज, दही दधीची ऋषींनी लावलं!”

“त्यांच्याकडे म्हैस होती?”

पंडित पोथी चाळू लागला. राजा गरजला, “जिच्या घरचं दही, तिलाच बोलवा!”

वाड्याला रोज दही देणारी भिवरा गवळण आली. पदर खोचलेला, हाताला शेणाचा वास.

“हे दही कशापासून झालं?” राजाने विचारलं.

“कालच्या दह्याच्या विरजणापासून, महाराज.”

“आणि कालचं?”

“परवाच्या.”

“मग सगळ्यात पहिलं? ते कुठाय?”

“असेल की कुठंतरी!”

“असेल नाही, आण! उद्या सकाळी ते पहिलं दही माझ्या हातावर पडलं पाहिजे. नाहीतर तुझ्या चारही म्हशी सरकारजमा!”

त्या चार म्हशींवरच भिवराचं घर चालत होतं. तिचा नवरा कोंडिबा गोठ्यातच बोंबलायला लागला, “अगं, गेल्या म्हशी! पहिलं दही काय झाडाला लागतं?”

“ओरडू नका,” भिवरा धार काढता काढता म्हणाली. “म्हैस पान्हा चोरेल.”

सकाळी ती गाडगं घेऊन दरबारात उभी राहिली. फडकं सोडलं, बोटांनी दह्याची कवडी काढली आणि राजाच्या तळहातावर ठेवली.

“घ्या महाराज. पहिलं दही!”

पंडित पुढे वाकला, वास घेतला आणि टाळी पिटून ओरडला, “लबाडी! हे तर रात्री लावलेलं दिसतंय!”

“दूध रात्रीचं, पंडितबुवा. विरजण माझ्या आईचं. लग्नात तिनं मला गाडगंभर दिलं होतं. तिला तिच्या आईनं, तिला तिच्या आईनं. गाडगं कधी चाटूनपुसून खाल्लं नाही आम्ही. चमचाभर दही मागं ठेवायचं, ते दुसऱ्या दिवशीच्या दुधात घालायचं. जिनं पहिलं दही लावलं, तिचा चमचा अजून संपला नाही.”

“पण पुरावा?” राजा अडून बसला. “तिचं नाव सांग! तिला पाहिलंस तू?”

“नाही पाहिलं. महाराज, हे सिंहासन कुणाचं?”

“आमच्या मूळपुरुषाचं! एकट्याने गड सर केला त्याने!”

“तुम्ही पाहिलंत त्यांना?”

“शंभर पिढ्या झाल्या! कसा पाहीन?”

“मग पुरावा?”

राजा उसळून उठला, छाती ठोकून म्हणाला, “पुरावा मी! त्याचं रक्त आहे या अंगात!”

“बरं झालं, तुम्हीच बोललात!” भिवराने पदर सावरला. “शंभर पिढ्यांनी तुम्ही त्यांचे. मग इतक्या रात्रींनी हे दही तिचं का नाही?”

राजाच्या हातावरचं दही ओघळत कोपरापर्यंत आलं होतं. त्याने ते चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

“आंबट आहे गं!”

“मूळचा स्वभाव उतरतोच की, महाराज. दह्यात काय अन् माणसात काय!”

राणीला आधी हसू फुटलं. मग राजा असा खदखदून हसला की सिंहासन करकरलं.

“म्हशी तुझ्याच! वर माझ्या गोठ्यातल्या दोन घे, निवडून घे. आणखी काय हवं ते माग!”

“दही न्यायला माझ्याकडं वाड्याचं गाडगं रोज न घासता येतं. तेवढं घासून पाठवा.”

राजाने पंडिताकडे पाहिलं. “पंडित, उद्यापासून दही आणायला तुम्ही जायचं. गाडगं स्वतः घासून!”