समाचाराला आलेली पाच माणसे

एकदा एका तरुण दिग्दर्शिकेने शोकावर चित्रपट करायला घेतला. घरातला कर्ता मुलगा जातो आणि पुढचे तीन दिवस त्या घरात काय घडते, एवढीच कथा. तिच्या आधीच्या चित्रपटातली सगळी माणसे एकाच जातीतली, एकाच आळीतली वाटतात, अशी टीका झाली होती. ते तिला लागले होते. म्हणून लोक समाचाराला, घरच्यांच्या सांत्वनाला येतात त्या प्रसंगासाठी तिने पाच जण मुद्दाम शोधून आणले. एक मुस्लिम वृद्ध, एक आदिवासी तरुणी, एक तृतीयपंथी, एक अंध गृहस्थ आणि व्हीलचेअरवरच्या मालनबाई.

पण प्रसंग काही केल्या जमेना. दोन दिवस तेच चित्रण चालले होते. तिचे डोळे चुरचुरत होते, आवाज बसला होता. अखेर तिने आपल्या वृद्ध गुरूंना बोलावून घेतले.

गुरू आले. त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिले नाही, की ते नायिकेशी बोलले नाहीत. चित्रणासाठी उभारलेल्या घराच्या दारात ते जाऊन उभे राहिले आणि आत जाणाऱ्या त्या पाच जणांना एकेक करून विचारू लागले, "गेलेला तुमचा कोण होता?"

वृद्ध गोंधळला. तरुणी लाजून हसली. कुणालाच सांगता येईना. गुरूंनी सगळ्यांना हात जोडून अंगणात बसायला सांगितले.

शिष्येचा संयम सुटला. "सर, हे काय केलंत? किती मिनतवाऱ्या करून आणलं मी त्यांना! आणि तुम्ही दारातूनच परत पाठवलंत?"

"अगं, समाचाराला माणूस नात्याने येतो," गुरू शांतपणे म्हणाले. "यांचं नातं तू लिहिलंच नाहीस. गर्दीत जागा दिलीस, दुःखात नाही दिलीस. कुणी नावं ठेवू नयेत म्हणून आणलेली माणसं रडणार तरी कुणासाठी?"

ती पायरीवर बसली आणि अंगणातल्या त्या पाच जणांकडे पाहू लागली. मग उठून ती मालनबाईंकडे गेली.

"बाई, तुमचं कुणी गेलंय का हो?"

मालनबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. "भाऊ गेला. तिसऱ्या मजल्यावर राहायचा. सगळे धावत वर गेले. मला वर न्यायचं कुणाला सुचलंच नाही. मी खाली बसून रडणं ऐकत होते. त्याला खाली आणलं तेव्हा तोंड झाकलेलं होतं."

"मला वर न्या, असं तुम्ही कुणाला म्हणाला नाहीत?"

"अशा वेळी आपलं काय सांगायचं, ताई?"

त्या दिवशी शिष्येने चित्रण थांबवले आणि मालनबाईंजवळ बसून प्रसंग नव्याने लिहिला. आता कथेत मालनबाई मृताच्या थोरल्या बहीण होत्या. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घराबाहेर, पायऱ्यांच्या खाली लागला. आत आक्रोश चालला होता आणि बाहेर मालनबाई एकट्या बसल्या होत्या. त्यांना संवाद नव्हता. त्यांनी फक्त एकदा मान वर करून दाराकडे पाहिले.

प्रसंग संपला तरी 'कट' म्हणायचे शिष्येला सुचले नाही. शेवटी गुरूंनीच ते हळूच म्हटले. डोळे पुसून ती अंगणात अंध गृहस्थांच्या शेजारी चटईवर जाऊन बसली. अजून चौघांचे ऐकायचे राहिले होते.