'थांब' ऐकू येईल एवढा आवाज

एकदा एक शिष्य आपल्या गुरूच्या दाराशी आला. जुन्या गोष्टींतले शिष्य अनवाणी येत, पावलांचा आवाजही होऊ देत नसत. हा आला तो चार चाकांवर, आणि तो दिसण्याच्या आधी त्याचा आवाज पोहोचला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एरवी काय कमी गोंगाट असतो? लेथ चालू होते, घण पडत होते, पत्रे कापले जात होते. पण त्या सगळ्यांना खाऊन हा आवाज वर उठला. चहावाल्याच्या किटलीचं झाकण थडथडलं आणि गल्लीतली कुत्री उठून शेजारच्या गल्लीत गेली. गुरू मात्र एका कार्बोरेटरमध्ये डोकं घालून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

गुरूंचं नाव दस्तगीर वस्ताद. कोल्हापुरात वस्ताद दोन जागी सापडतात, तालमीत आणि गॅरेजात. एकीकडे अंगाला माती लागते, दुसरीकडे ग्रीस. शिस्त दोन्हीकडे सारखीच. वस्तादांनी 'सोड' म्हटल्याशिवाय पाना सोडायचा नाही, 'थांब' म्हटल्याशिवाय हात थांबवायचा नाही. शिष्याचं नाव अभिनंदन. मिसरूड फुटायच्या वयात तो इथं आला होता, याच शिस्तीत मुरला होता, आणि आता जयसिंगपुरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं.

आणि गाडी? अहो, काय सांगावं! लांब नाकाची जुनी कॉन्टेसा. तिच्या पोटातलं मूळ इंजिन काढून अभिनंदननं दुप्पट ताकदीचं, सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. गिअरबॉक्स जुळवला होता, ब्रेक नवे घातले होते, सरकारदरबारी रीतसर नोंदही करून आणली होती. पोरगं गुणी होतं, त्यात शंका नाही. आता दोनच गोष्टी ठरायच्या होत्या, सायलेन्सर आणि टायर. सध्या त्यानं सरळसोट पाईप जोडला होता, मध्ये डबा नाही की जाळी नाही, नुसती पुंगळी. आणि खाली रुंद टायर, ज्यांच्या अंगावर परदेशी गाड्यांसारखी पांढरी अक्षरं.

या सायलेन्सरचीही गंमत बघा. शब्दाचा अर्थ, गप्प करणारा. आपण तो शब्द जसाच्या तसा मराठीत घेतला, अर्थ तेवढा वेशीबाहेर ठेवला. आता ज्याचा सायलेन्सर जास्त बोंबलतो तो जास्त भारी!

"वस्ताद, नाद खुळा झालीया का न्हाई?" अभिनंदन उतरला तो पाया पडूनच बोलला. "जाळ अन् धूर संगटच! तुम्ही एकदा हां म्हणा, म्हणजे हाच पाईप आणि हीच टायरं कायमची."

वस्तादांनी हात पुसले. गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून खाली बघितलं, टायरवर बोट फिरवलं, आणि विचारलं तेवढं एकच.

"हिच्यात बसणार कोण?"

"रविवारी ताईला सासरी पोचवायचंय. कणकवलीला. बाळंतपणाला आलेली, आता बाळ तीन महिन्यांचं झालं." अभिनंदनचा चेहरा खुलला. "भाचा हो, वस्ताद! पहिल्यांदा घरी निघालाय. मामाच्या गाडीतनं कसा रुबाबात गेला पाहिजे. फोंडा घाट उतरून गावात शिरलो की सगळ्यांनी दारात आलं पाहिजे."

"व्हय, येतील की," वस्ताद म्हणाले. "ती मागच्या पटांगणात घे. पार तिकडच्या भिंतीला लाव. तितनं हिकडं ये. लय जोरात नगो, गल्लीत चालवतोस तशी. मी थांब म्हणलं की थांबायचं."

एवढं सांगून त्यांनी खुंटीवरचे वेल्डिंगचे चामडी हातमोजे घेतले आणि पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं एका मोडीत निघालेल्या ट्रकचं इंजिन पडलं होतं, हत्तीएवढं लोखंड. त्याच्या आडोशाला ते बसले. आणि मग त्यांनी जे केलं ते बघून अभिनंदननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. लोखंडाआडून उजव्या हाताचा मोजा बाहेर आला, कोपरापर्यंत, आणि त्या हातमोज्याचा पंजा गाडीच्या वाटेवर, बरोबर चाकाच्या रेषेत, जमिनीला टेकला.

"वस्ताद! हात काढा की! ही काय मस्करी?"

"का रं? तूच केलीस न्हवं गाडी? मग भ्यायचं कशाला? ये बिनघोर."

आता गुरूचा शब्द कसा मोडायचा? याच उजव्या हातानं त्याला नट आवळायला शिकवलं होतं. इंजिनावर नुसता तळवा ठेवून कुठला व्हॉल्व्ह रुसलाय ते सांगणारा हा हात. अभिनंदननं मनाशी हिशेब केला: हळू जायचं, कान उघडे ठेवायचे, 'थांब' कानावर पडलं की दाबायचा ब्रेक. नवे ब्रेक आहेत, घाबरायचं काय कारण? त्यानं किल्ली फिरवली. पटांगणाच्या भिंती हादरल्या.

गाडी निघाली. तो एकटक त्या पंजाकडे बघत होता आणि शब्दाची वाट बघत होता. शब्द येईना. अजून वस्तादांनी म्हटलं नाही, म्हणजे अजून वेळ आहे, असं तो स्वतःला समजावत राहिला. पंजा जवळ आला. शब्द नाही. आणखी जवळ आला. शब्द नाही. मग लांबलचक बॉनेटच्या कडेखाली पंजाची बोटं दिसेनाशी व्हायला लागली, आणि त्या क्षणी शिस्त गेली खड्ड्यात, त्याच्या पायानं आपणहून ब्रेक दाबला. अगदी मुळापासून दाबला.

ब्रेकनं चाकं धरली. पण चाकांनी जमीन धरली नाही. पुढचं जड नाक खाली झुकलं, टायर किंचाळले, आणि गाडी सिमेंटवरून घसरत पुढे गेली. एक बारीकसा धक्का बसला. मग ती थांबली.

अभिनंदननं इंजिन बंद केलं. त्या शांततेत त्याला पहिल्यांदा माणसाचा आवाज ऐकू आला. फाटकात चहावाला उभा होता, किटली हातात तशीच, तोंड पांढरंफटक.

"आरं, बहिरा हाईस का काय? वस्ताद तीनदा ओरडलं की! मला हितनं ऐकू आलं!"

अभिनंदन दार ढकलून उतरला. तो गाडीला धरत पुढे आला आणि त्यानं खाली बघितलं. पुढच्या चाकाखाली पंजा होता. चार बोटं बाहेर आलेली, बाकीचा तळवा रबराखाली.

"आई गं!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तो गुडघ्यांवर कोसळला. दोन्ही हातांनी चाक ढकलायला लागला, जणू एवढं धूड हातानं हलणार होतं. ती बोटं धरून ओढायला लागला. "वस्ताद, माझ्या हातनं काय झालं हो हे! काय केलं मी!"

"सोड ती बोटं. चिंध्या बाहेर येतील."

त्यानं मान वर केली. वस्ताद लोखंडाला टेकून बसले होते. दोन्ही हात मांडीवर, दोन्ही धडधाकट. गाडी बॉनेट झुकवत अंगावर येताना त्यांनी हात काढून घेतला असेल, अशी तुमची समजूत झाली असेल. तसं काही नव्हतं. हात त्या मोज्यात शिरलाच नव्हता. आडोशाला बसल्या बसल्या त्यांनी मोज्यात ठासून चिंध्या भरल्या होत्या आणि त्याच्या लांब बाहीत एक पाईपचा तुकडा खुपसला होता.

"मी काय येडा हाय व्हय, हात घालायला?" वस्ताद म्हणाले. "पोटाला काय घालू मग?"

अभिनंदनच्या अंगातली भीती गेली आणि तिच्या जागी संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा तो गुरूवर ओरडला. "असं करतात काय, वस्ताद? माझं काळीज बंद पडलं असतं! मी तुमचा हात... मला वाटलं मी तुमचा हात..." आणि तो ओक्साबोक्शी रडला.

वस्तादांनी त्याला रडू दिलं. चहावाल्याला खूण करून चहा मागवला. मग ते उठून त्याच्याजवळ येऊन बसले, चाकाच्या कडेला, जमिनीवर.

"आता तुझा हात टेक. टायरच्या बाजूला. बग, टायर भुईला किती टेकलाय."

अभिनंदननं डोळे पुसले आणि तळवा टायरशेजारी ठेवला. एवढी अजस्र गाडी, एवढा रुंद टायर, आणि भुईला टेकलेला तुकडा त्याच्या तळव्याहून फारसा मोठा नव्हता. वर्षानुवर्षं टायर बदलणारा माणूस, पण असा हात टेकवून त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याला पुन्हा धक्का बसला.

"एवढंच?"

"एवढंच. रुंद टायर घे, तळहात आडवा पडंल. बारीक घे, उभा पडंल. हाय तळहातच. असे चार. आपण म्हणतो न्हवं, लेकराला तळहाताच्या फोडागत जपलं? तुझा भाचा त्या चार तळहातांवरनं घाट उतरणार हाय, बाबा. आता त्या तळहाताला नख लाव."

अभिनंदननं टायरच्या रबरात नख दाबलं. ते रुतेना. रबर शिळ्या भाकरीसारखं कडक.

"दुकानात कितीक वर्षं पडून असंल कुणास ठाऊक. टायरला जन्मसाल असतंय, कडंला कोरलेलं. तू पांढरी मोठी अक्षरं वाचलीस, बारकं वाचलं न्हाईस."

चहा आला. वस्तादांनी पहिला कप शिष्याच्या हातात दिला आणि मग ते जे बोलले त्यासाठी ही गोष्ट.

"हे बग अभिनंदन. इंजिन मोठं केलंस, चांगलं केलंस. ताकद कमवायला लाज कशाची? पण ताकद वाढली की माणसाला दोन गोष्टी वाढवायला लागत्यात. एक म्हंजे कान, दुसरी म्हंजे पकड. कुणीतरी 'थांब' म्हणतंय ते ऐकू आलं पायजे, आणि ऐकल्यावर थांबता आलं पायजे. मी तीनदा ओरडलो. तुझ्याच आवाजात तुला माझा आवाज गावला न्हाई. आणि जवा कळलं, तवा पायाखाली पकड न्हवती. आज मोजा हुता. घाटात मोजा नसतोय, रं."

अभिनंदननं हळूच विचारलं, "मग जुना बारका पाईपच परत लावू?"

"नगो! भित्रा हू नगोस. जुना लावलास तर ह्या इंजिनाचा गळा आवळशील. ते गुदमरंल, तापंल. भोक मोठंच ठेव, धूर मोकळा जाऊ दे. फकस्त मधी चांगला लांब डबा घाल. आणि टायर आणशील ते गाडीचं वजन सोसणारं आण, ताजं आण, मऊ आण. पांढरी अक्षरं नसली तरी चालतंय. अक्षरं रस्त्याला धरत न्हाईत."

वस्तादांचं नाव दस्तगीर. त्या नावाचा अर्थ हात धरणारा. आईबापांनी ठेवलं तेव्हा त्यांना काय ठाऊक, की हा माणूस पुढे हाताच्या निमित्तानंच एखाद्याला धरेल. अभिनंदननं त्याच दिवशी तिथंच पुंगळी उतरवली आणि मध्ये डबा जोडला. नवे टायर आणून बसवले, प्रत्येकाचं जन्मसाल वाचून. संध्याकाळी पुन्हा त्याच पटांगणात वस्ताद लोखंडाआड बसले, आणि तो चपटा झालेला मोजा पुन्हा वाटेत पडला. या वेळी वस्ताद ओरडले नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "थांब." गाडी मोज्याच्या बरीच अलीकडे उभी राहिली. तरीसुद्धा अभिनंदन उतरून धावत पुढे आला आणि आधी त्यानं वस्तादांचे दोन्ही हात बघितले.

रविवार उजाडला. ताईचं नाव त्रिशला. ती बाळाला कुशीत घेऊन मागे बसली आणि थोडं गेल्यावर म्हणाली, "काय रे, तुझी ती डरकाळी कुठं गेली? मी तर कानात घालायला कापूस आणलाय!" अभिनंदन नुसता हसला. राधानगरी मागे पडलं, दाजीपूरचं जंगल लागलं, आणि घाट उतरायला सुरुवात झाली. एका वळणावर मागून बारीक आवाज आला. बाळाला उचकी लागली होती. उचकी, अहो! तीन महिन्यांच्या पोराची उचकी ती केवढी! पण ती पुढं ऐकू आली.

"अभी, थांब रे जरा," ताई हळूच म्हणाली.

गाडी कडेला घेऊन थांबली. ताईनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, उचकी गेली.

आता इथं वळणापलीकडे गव्यांचा कळप आडवा आला, किंवा दरड कोसळली, असं मला सांगता आलं असतं, आणि गोष्टीला रंगही भरला असता. पण वळणापलीकडे काहीसुद्धा नव्हतं. मोकळा रस्ता होता. गाडी घाट उतरली, कणकवलीत शिरली, आणि आवाज नसल्यामुळे एकही माणूस दारात आला नाही. त्रिशलाच्या सासूबाईंनाही दार वाजल्यावर कळलं. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नातू हातात घेतला.

तिथूनच अभिनंदननं वस्तादांना फोन लावला.

"पोचलो, वस्ताद."

"बरं. वाटंत काय झालं?"

अभिनंदननं घरात बघितलं. आजीच्या तळहातावर बाळाचं डोकं होतं.

"काही नाही झालं, वस्ताद."

"शाब्बास, पठ्ठ्या," वस्ताद म्हणाले.