बिनआवाजाचा कॅमेरा

"आन् ह्यो कोपरा कोन बघनार?"

केदारबुवांनी नकाशावर बोट ठेवलं. बोटाला पानाचा चुना होता, तो कागदावर उमटला.

रणधीर कणसे हसला. हा प्रश्न येणार, हे तो घरूनच ओळखून आला होता.

"तो परसातला कॅमेरा बघणार, बुवा."

"आन् परसातल्या कॅमेऱ्याला?"

"जिन्यावरचा."

"आन् जिन्यावरच्याला?"

"फाटकावरचा. सगळे एकमेकांवर नजर ठेवून आहेत. घराची एक वीतभर जागा सुटलेली नाही."

"म्हंजी भावकीच बसवलीस की भिंतीवर," बुवा म्हणाले.

रणधीरला ते टोचलं नाही. त्याला सहसा काही टोचत नसे. तालुक्यातले निम्मे पूल त्याने बांधले होते आणि उरलेले निम्मे कसे चुकलेत, हे तो न विचारता सांगायचा. गुरूकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात. रणधीर कधी रिकाम्या डोक्यानेही गेला नाही.

तरी दर गुरुवारी तो टेकडी चढून मठात यायचा. का यायचा, तेही सांगून टाकतो.

बुवांची एक रीत होती. निघणारा माणूस "येतो बुवा" म्हणाला की ते "ये" म्हणायचे. मग तो पंचायत समितीचा सभापती असो की शेळ्यांमागची म्हातारी. "जा" हा शब्द त्यांनी आजवर दोघा-तिघांनाच दिला, असं जुनी माणसं सांगत. त्या दोघा-तिघांना पुन्हा मठाची गरज पडली नाही, असंही सांगत.

रणधीरला तो शब्द हवा होता. दर गुरुवारी तो "येतो" म्हणून उंबऱ्यावर थांबायचा, आणि दर गुरुवारी "ये" घेऊन खाली उतरायचा.

आज मात्र त्याची खात्री होती. असा नकाशा बघून कुणीही "जा" म्हणालं असतं.

"ही फाटकाजवळची लाल खूण कसली?" बुवांनी विचारलं.

"कुलूप."

"कुलपाला लाल?"

"साधं नाही ते. दारातला कॅमेरा चेहरा ओळखतो. तो चेहरा दाराशी आला की फाटकाचं कुलूप आपोआप पडतं."

"चोराचा चेहरा आधीच ठावं हाय व्हय त्याला?"

रणधीरने नकाशाची सुरळी करायला घेतली.

"कुनाचा चेहरा हाय त्यो?"

बुवांनी नकाशा हाताखाली दाबून धरला.

"रणधीर."

"आप्पांचा," तो म्हणाला.

बाहेर मठाची गाय हंबरली. बुवांनी पानाचा डबा मिटला.

रणधीरचे वडील, आप्पा, गवंडी होते. गावातली जुनी घरं त्यांच्या हातची. हल्ली त्यांना माणसं आठवत नव्हती, वार आठवत नव्हता, जेवण झालं की नाही तेही आठवत नव्हतं. आणि ते घरातून निघून जात. मागच्या आठवड्यात ते हायवेवर सापडले होते, अनवाणी, दुभाजकावर बसलेले. एका ट्रकवाल्याने गाडीत घालून आणलं.

"पुढच्या वेळी ट्रकवाला ब्रेक लावेलच असं नाही, बुवा." रणधीरचा आवाज खाली आला. "बहीण म्हणते, सांगलीला वृद्धाश्रमात ठेवू. मी म्हटलं, नाही. बाप माझ्या घरात राहील. म्हणून हे सगळं. चोराबिराचं निमित्त आहे."

"म्हंजी बापाला कोंडायचं."

"जगवायचं, बुवा! कोंडायचं नाही, जगवायचं!"

पहिल्यांदाच तो मठात ओरडला होता. बुवांना ते आवडलं असावं, कारण ते त्याच्याजवळ सरकून बसले.

"दाखव तरी, कसं जात्यात ते."

रणधीरने फोन काढला. दारावरचा एक कॅमेरा त्याने आधीच लावून पाहिला होता. चित्र अगदी स्वच्छ होतं. आप्पा टोपी घालून, काठी घेऊन दारात आले. उंबऱ्यावर थांबले. ओठ हलले. मग मान घराकडे वळवून नुसते उभे राहिले. पुन्हा ओठ हलले. पुन्हा उभे. मग मान खाली घालून निघाले.

"काय म्हनत्यात?"

"काही नाही. पुटपुटतात हल्ली."

"ऐकव की."

"याला आवाज नाही. मुद्दाम बिनआवाजाचा घेतला. चोराचं काय ऐकायचंय?"

"भिंतीला कान असत्यात म्हनं," बुवा म्हणाले. "तू डोळं बसवलंस आन् कान उपटून काढलंस."

हे रणधीरला पटलं नाही. तो पुन्हा नकाशावर वाकला. चुन्याच्या ठिपक्याखाली खरंच एक कोपरा उघडा दिसत होता, आणि तो आता त्याला छळू लागला होता. त्याने खिशातून पेन्सिल काढली.

बुवा उठले. खुंटीवरची टोपी डोक्याला घातली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि दाराकडे गेले.

"येतो रं," ते म्हणाले.

रणधीर रेघ ओढत होता.

...

"येतो रं."

"हां, जा ना बुवा," रणधीर मान वर न करता म्हणाला. "मी आहे इथं."

...

नकाशावर सावली पडली होती. रेघ दिसेना. मठाला दार एकच, उजेडही तिथूनच यायचा. रणधीरने वैतागून वर पाहिलं.

उंबऱ्यावर एक म्हातारा उभा होता. टोपी, काठी, घराकडे वळवलेली मान.

रणधीरच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"मला 'जा' म्हनालास," बुवा म्हणाले. "जो शबूद मी तुला एवढी वर्षं दिला न्हाई, तो तू मला फुकट देऊन टाकलास. आता मी परत यावं का न्हाई?"

"बुवा, माझं लक्ष नव्हतं..."

"घरातनं निघताना मानूस काय म्हनतो?"

"येतो म्हणतो."

"आन् घर काय म्हनतं?"

"घर काय म्हणणार? घरातलं कुणीतरी म्हणतं... 'या' म्हणतं."

"तुझ्या घरात कोन म्हनायचं?"



आई म्हणायची. स्वयंपाकघरातून, पिठाच्या हातांनी, मागे वळूनही न बघता. "या!" आप्पा कामावर निघोत, बाजाराला निघोत, नुसते कोपऱ्यावर तंबाखू आणायला निघोत. आयुष्यभर रोज ते त्याच्या कानावर पडत होतं आणि त्याने ते एकदाही ऐकलं नव्हतं. दिवाळीच्या आधी आई गेली. त्यानंतर त्या घरात "येतो"ला उत्तर देणारं कुणी राहिलं नव्हतं.

तो रडला. पूल बांधणारा एवढा मोठा माणूस, नकाशावर कपाळ टेकवून रडला. बुवांनी त्याला रडू दिलं.

मग विचारलं, "ज्या घरातनं 'या' येत न्हाई, ते घर कुनाचं?"

"...दुसऱ्याचं."

"आन् दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेला मानूस काय करील?"

रणधीरने डोळे पुसले.

"आपलं घर शोधायला निघेल," तो म्हणाला.

त्या गुरुवारी तो "येतो बुवा" म्हणाला, बुवा "ये" म्हणाले, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साईटवर गेला नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला. त्याची बायको उज्ज्वला भाकरी थापत होती. नवरा अचानक स्वयंपाकघरात का, हे तिने दोनदा विचारलं आणि सोडून दिलं.

आप्पा टोपी घालून दाराशी आले. काठी वाजली.

"येतो गं."

गं! ते आईला सांगत होते. रोज सांगत होते.

 खडी फोडायच्या यंत्रावरून ज्याची हाक पलीकडे जायची, त्या रणधीरने ओट्यावरून हात काढला आणि दाराकडे तोंड केलं. उज्ज्वलाचा हात थांबला.

"येतो गं."

"या!"

इतक्या जोरात आला तो शब्द, की शेजारचं कुत्रं भुंकलं.

आप्पांचे खांदे सैल झाले. "आलोच," ते म्हणाले आणि अंगणात उतरले. फाटकापर्यंत गेले. फाटकाच्या खांबावरून हात फिरवला, एक डोळा मिटून वरून खाली पाहिलं, "ओळंब्यात न्हाई हे" असं पुटपुटले आणि वळले. पायऱ्या चढून आत आले.

"आलो गं."

उज्ज्वलाने पदराने डोळे पुसले आणि तिने ते उत्तर दिलं, जे सासूकडून तिच्या कानात राहिलं होतं. "बसा, चहा टाकलाय."

मग ते रोजचंच झालं. आप्पा कोपऱ्यापर्यंत गेले, आले. देवळापर्यंत गेले, आले. गल्लीला हे कळायला वेळ लागला नाही, आपल्याकडे गल्लीला काय कळत नाही! समोरच्या इनामदारांची सून गच्चीवरून "या आप्पा" म्हणू लागली, इस्त्रीवाला "या" म्हणू लागला. आप्पा प्रत्येकाला काठी उचलून दाखवत. रणधीर मात्र रोज चार पावलं मागे, कुणाच्या ना कुणाच्या आडोशाला.

आणि मग तो गुरुवार आला. आप्पा देवळाशी थांबले नाहीत. तसेच पुढे निघाले, हायवेच्या रस्त्याने.

रणधीर मागे होता. हाक मारावी, की धावत जाऊन धरावं? पुढे ट्रक सुसाट जात होते. त्याने पाय उचललाही होता.

आप्पा रस्त्याच्या तोंडाशी आले आणि थांबले.

"कुठं निघाला आप्पा?" चहाच्या गाडीवाल्याने विचारलं.

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग टोपी नीट केली.

"कुठं न्हाई. घरी सांगून आलोय," ते म्हणाले. "वाट बघत्यात."

आणि वळले.

उसाच्या ट्रॉलीमागून रणधीर असा बाहेर आला, जसं काही त्याचंच पोरगं कुस्तीचं मैदान मारून आलंय. त्याने चहावाल्याला मिठी मारली. "आले! परत आले!" चहावाल्याला कोण आलं ते कळलं नाही, पण आनंदाचं काहीतरी आहे म्हणून त्यानेही त्याची पाठ थोपटली.

आप्पा घरी पोचले, "आलो गं" झालं, चहा झाला. मगच रणधीर टेकडीकडे पळाला.

"बुवा! स्वतःच्या पायांनी आले! हायवेवरून वळून आले!"

बुवा पेरू खात होते. त्यांनी अर्धा त्याच्यापुढे धरला.

"आन् कुलूप?"

"परत करून टाकलं."

"आन् कॅमेरं?"

"ते राहिले. काळजी थोडीच संपते, बुवा! पण आता आवाजाचे घेतले."

"मग? काय ऐकू येतं?"

रणधीरने फोनवर सकाळचं चित्रण लावलं. आधी काठीचा आवाज आला. मग, "येतो गं." आणि मग "या!" घरातून आला, गच्चीवरून आला, गल्लीतून आला, एकात एक मिसळून.

बुवांनी फोन कानाशी धरला. बराच वेळ धरला.

"फिरून लाव," ते म्हणाले.

त्याने पुन्हा लावलं. बुवांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"तुझं नाव आठवतं का त्यास्नी?"

"नाही. काल मला विचारलं, पाव्हणं, कुठल्या गावचं?"

"मग?"

"मी म्हटलं, इथलाच. तर म्हणाले, मग उभा का? बस की. घर आपलंच हाय."

दोघेही हसले. हसता हसता रणधीरचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि तो ताडकन उठला. ऊन कललं होतं. आप्पांची दुसरी फेरी निघायची वेळ झाली होती, आणि आज "या" म्हणायची पाळी त्याची होती.

एक चप्पल पायात, एक हातात. उंबऱ्यावर तो थांबला नाही.

"येतो, बुवा!"

हे म्हणेपर्यंत तो पायऱ्या उतरूनही गेला होता.

बुवांनी पेरूची फोड खाली ठेवली, आणि त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत म्हणाले,

"जा."