फळ्यावरचे पहिले नाव

सन १९६८, मार्गशीर्ष महिना. शेतात शाळूची ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि सकाळी अंगावर घोंगडे लागत होते. मांजरा नदीच्या काठी एका गावात तेव्हा चौथीपर्यंतची शाळा होती. वर्ग चार, खोल्या दोन आणि शिकवणारे एकटे विश्वंभर गुरुजी.

एका माणसाला चार वर्गांपुढे एकदम उभे राहता येत नाही. गुरुजी आतल्या खोलीत मोठ्यांना शिकवत, तेव्हा बाहेरच्या खोलीतली पहिली-दुसरी चौथीतल्या मॉनिटरच्या हवाली असे. मॉनिटरच्या हातात खडू. जो बोलेल त्याचे नाव फळ्यावर. शाळा सुटताना गुरुजी ती नावे वाचत आणि त्या मुलांना अंगठे धरायला लावत. कोणी काय केले, हे विचारत नसत. शाळा इतकी शांत असे की रस्त्याने जाणाऱ्याला आज सुट्टी आहे असे वाटे. गुरुजींना त्याचा अभिमान होता.

त्या साली मॉनिटर होती वत्सला. पोलीस पाटलांची मुलगी. हुशार होती, अक्षर वळणदार होते.

दुसरीत कौतिका होती. तिचा बाप हरिबा सुपे-टोपल्या विणायचा. कौतिका कष्टाळू होती, पण अक्षरे तिच्या डोक्यात टिकत नसत. आज ओळखलेला 'म' उद्या तिला परका वाटे. वत्सलाने हे हेरले. रोज सकाळी फळ्यावर पहिले नाव ती कौतिकाचे लिही. कौतिका शेजारणीला विचारी, आज कोणाचे नाव आहे. सगळी पोरे तोंडावर हात धरून हसत.

"वाच की," वत्सला म्हणे. "दुसरीत बसतेस ना?"

पुढे तिला 'कोरी पाटी' असे नाव पडले. नंतर नुसतेच 'कोरी'. पाणवठ्यावरही पोरे तीच हाक मारू लागली.

कौतिका महिनाभर रोज अंगठे धरत राहिली. वाचता येत नाही म्हणून ही शिक्षा, अशी तिची समजूत होती. त्यामुळे तिने तक्रार केली नाही. पौष संपता संपता ती शाळेत यायची बंद झाली.

मग एक दिवस हरिबा आला. दाराबाहेरच उभा राहिला. पोरीचे नाव पटावरून काढा म्हणाला. विणायला हात आहेत, माझ्याजवळ बसेल. गुरुजींनी कारण विचारले.

"पोरगी म्हणती, गुरुजी रोज शिक्षा करत्यात म्हंजी चूक माझीच असणार," हरिबा म्हणाला. "मग मी तरी काय म्हणू?"

गुरुजींनी नाव काढले नाही. दोन दिवसांची मुदत मागितली. हरिबा गेल्यावर ते बाहेरच्या खोलीत आले आणि वत्सलाला विचारले, कौतिका वर्गात काय बोलत होती. वत्सला म्हणाली, गडबड करायची.

पहिलीतली एक चिमुरडी बसल्या जागेवरून म्हणाली, "ती तर बोलतच नाय, गुरुजी. तिचं नाव प्रार्थनेच्या आधीच लिवत्यात."

गुरुजींनी वत्सलाच्या हातातून खडू घेतला. आता छडी निघणार असे मुलांना वाटले. गुरुजींनी फळ्यावर स्वतःचे नाव लिहिले आणि मुलांसमोर अंगठे धरून वाकले. वय पंचावन्न, कंबर धरलेली. शाळा सुटायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. घंटा रोज गुरुजीच देत, त्यामुळे शाळा कोणी सोडायची हेही मुलांना कळेना. शेवटी वत्सला रडू लागली आणि उठा म्हणून विनवू लागली.

गुरुजी सावकाश उठले. "खडू मी दिला होता. त्याची शिक्षा मी घेतली. तुझी वेगळी आहे. तू तिचं महिनाभराचं शिकणं घेतलंस. तेवढं परत करायचं. रोज शाळा सुटल्यावर तिच्या घरी जायचं."

संध्याकाळी पाटील आले. आपली मुलगी टोपल्या विणणाऱ्याच्या अंगणात बसणार नाही म्हणाले. गुरुजींनी हजेरीपट त्यांच्यापुढे ठेवला.

"एक नाव काढायची वेळ आलीच आहे, पाटील. कोणतं काढू ते तुम्ही सांगा."

पाटील परत गेले. दुसऱ्या दिवशी वत्सला हरिबाच्या अंगणात गेली.

कौतिका तिच्याकडे पाठ करून विणत बसली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी तिने पाटी हातात घेतली, पण अक्षर काही टिकेना. चौथ्या दिवशी वत्सलाचा संयम सुटला. "किती वेळा सांगायचं? डोकं आहे का टोपलं?"

कौतिकाने पाटी खाली ठेवली. बांबूच्या चार कामट्या तिच्यापुढे टाकल्या. "वीण."

वत्सलाने विणून पाहिले. एक कामटी बसवली की दुसरी निसटे. तिसरीने बोट कापले, रक्त आले. हरिबा मिशीत हसला. त्या दिवशी कौतिकालाही हसता आले असते. अंगणात तिला अडवणारे कोणी नव्हते. तिने चिंधी आणून बोटाला बांधली आणि कामट्या पुन्हा नीट लावून दिल्या.

"परत धर. हाताला कळायला वेळ लागतो."

वत्सला मान खाली घालून अंधार पडेपर्यंत विणत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पाटी आणलीच नाही. एक ओली कामटी घेतली, वाकवून तिचा 'म' केला आणि कौतिकाच्या हातात दिला. कौतिकाने डोळे मिटून त्यावरून बोटे फिरवली. मग स्वतः एक वाकवला. सकाळी उठली तेव्हा तो 'म' तिला आठवत होता.

कौतिका पुन्हा शाळेत येऊ लागली. पहिल्या दिवशी मागून कोणीतरी 'कोरी' म्हणाले. वत्सला उठली आणि आतल्या खोलीतली चौथीची जागा सोडून बाहेर दुसरीत कौतिकाशेजारी जाऊन बसली. पुन्हा तो शब्द कोणी काढला नाही. मॉनिटरने नाव लिहायची पद्धत गुरुजींनी बंद केली. शाळेत आता आवाज होऊ लागला. गुरुजी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जात राहिले.

माघ संपला. गुरुजींनी वत्सलाला सांगितले की महिना भरला, आता नाही गेलीस तरी चालेल.

"दिवस भरले, गुरुजी," वत्सला म्हणाली. "वाचन नाही भरलं."

फाल्गुनभर ती जात राहिली. चैत्रात परीक्षा झाली. कौतिकाने पुस्तक धरले आणि दुसरीचा अख्खा धडा सगळ्यांसमोर वाचला. तीन ठिकाणी अडली. कोणी हसले नाही, कोणी पुढचा शब्द सांगितला नाही. अडली तिथून तीच पुढे गेली.

धडा संपल्यावर गुरुजींनी वत्सलाकडे पाहिले.

"फिटलं," ते म्हणाले.

तात्पर्य: दुसऱ्याचे शिकणे ज्याने अडवले, त्याने नुसती माफी मागून सुटू नये, ते शिकणे पुरे करून द्यावे, आणि शिक्षेचा अधिकार ज्याने दुसऱ्याच्या हाती दिला, त्याने आधी स्वतः वाकावे.