राहीची वाट

पाहुणे, गाडी तेवढी पुढे घ्या. दंडबिंड काही नाही हो, पण ह्या पट्ट्यात आमच्या देवळीपेठेत कुणी काही उभं करत नाही. भर बाजारात दोन बैलगाड्या शेजारी जातील एवढी जागा, वर टेकडीपासून खाली ओढ्यापर्यंत, नुसती मोकळी. भाजीवालीनं पाटीसुद्धा टेकवायची नाही. हिला राहीची वाट म्हणतात.

पेठ वसली तेव्हाची गोष्ट सांगतात. टेकडीवरचं पावसाचं पाणी पेठेतून खाली काढायला महाजनांनी हैबती पाथरवटाला बोलावलं. पाया खणताना त्याला ओढ्यापासून पार लांब, वाटोळे गुळगुळीत गोटे लागले, म्हणे. असे गोटे पाणीच घडवतं. कधीकाळी पूर इथवर आला होता, हे त्या जाणत्या माणसानं ओळखलं. तो म्हणाला, "नाल्याला दोन गाड्यांची रुंदी सोडा."

महाजन हसले. "अरे, असं पाणी कुणाच्या आज्यानं तरी पाहिलंय का? शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी एवढी मोक्याची जागा ओस टाकायची?"

हैबती हटला नसता. पण त्याची एकुलती लेक राही, लग्न होऊनही लोकांच्या पडवीत संसार मांडून होती. नाला निम्मा कर, काठाची एक जागा तुझ्या लेकीला, असं महाजन बोलले आणि बाप तिथं लवला. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे काही उद्या नव्हे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. नाला एका गाडीचा झाला. राहीच्या घराचा पाया त्यानं स्वतः भरला. बापडा किती हौसेनं भरला असेल!

शंभरातलं ते एक वर्ष कोणतं, हे पाणी सांगून येत नाही. तिसऱ्याच भाद्रपदात भर दुपारी टेकडीवर ढगफुटी झाली. नाल्यात मावेना तेवढं पाणी काठच्या घरांतून घुसलं. जावई परगावी होता म्हणून वाचला. हैबती धावत आला तेव्हा घर नव्हतं, राही नव्हती.

पाणी ओसरल्यावर तो पहार घेऊन काठची उरलेली दुकानं पाडायला लागला. महाजनांनी अडवलं नाही, खाली मान घालून तेही दगड उचलू लागले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. नाला दोन गाड्यांचा झाला, तोच हा मोकळा पट्टा. मग बायका म्हणाल्या, राहीच्या जागी निदान एक घुमटी बांधू, दिवा लावू.

हैबती म्हणाला, "नको. घुमटीनंही पाणी अडतं."

आजही अक्षय्य तृतीयेला घरोघरच्या बाया वरच्या टोकाला घागरी ओततात. पाणी ज्याच्या पायरीशी अडेल, तो आपली पायरी आपल्या हातानं फोडतो. मागच्या साली आमचीच फुटली, घण मीच घातला. घुमट्या आमच्या पेठेत पैशाला पासरी आहेत. ज्या पोरीच्या जिवावर आम्ही कोरडे राहिलो, तिच्या नावाचा मात्र एक दगड नाही.