न आलेल्या निरोपांसाठी राखलेली जागा

एकदा एका वृद्ध संगणकतज्ज्ञाकडे त्यांची लाडकी शिष्या मोठ्या उत्साहाने आली. जिल्ह्यातल्या सर्व रक्तपेढ्या जोडणारी प्रणाली तिने एकहाती उभी केली होती. कोणते रक्त कुठे शिल्लक आहे, हे रुग्णालयांना क्षणात कळणार होते. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते. मंत्री येणार, हारतुरे ठरलेले.

"सर, एकदा पाहून घ्या ना," ती म्हणाली. "चाचणीचा सर्व्हर चालू आहे. एका वेळी दहा हजार माणसं आली तरी हूं की चूं करणार नाही."

सरांनी आपला जुनापुराणा लॅपटॉप उघडला आणि सर्व्हरला एक ओळ धाडली: 'मोठा निरोप पाठवतो आहे, एवढी जागा लागेल.' निरोप मात्र पाठवलाच नाही! तीच ओळ पुन्हा धाडली, शंभर वेळा धाडली. मग हाताची घडी घालून स्वस्थ बसले.

शिष्येला हसू आवरेना. म्हातारपणी सरांचं काही बिनसलं की काय, असे तिला वाटून गेले.

"आता तू रक्त माग," सर म्हणाले.

तिने सहज लिहिले: ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, बाळंतिणीसाठी, तातडीने. पडद्यावर चक्र फिरत राहिले. मिनिट गेले, दोन गेली, आणि सर्व्हर बंद पडला. एका माणसाने, काहीही न पाठवता, तिची प्रणाली आडवी केली होती!

"हे कसं शक्य आहे?" तिने विचारले. "तुम्ही तर काहीच पाठवलं नाहीत!"

"नाहीच पाठवलं. 'शंभर जण जेवायला येतोय' असं कुणी नुसतं कळवलं, की तू लगेच शंभर पानं मांडतेस आणि त्यांवर दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीस. तुझी सगळी मेमरी न आलेल्या पाहुण्यांसाठी अडून राहिली आणि बाळंतीण दारात ताटकळली. जेवढं हाती येईल तेवढीच जागा द्यावी, तिलाही मर्यादा घालावी, आणि फार वेळ कुणाची वाट पाहू नये."

"पण सर, रक्तपेढीशी इतकं वाईट कोण वागेल?"

"कुणीही. मला किती वेळ लागला?"

तिने गमतीत लिहिलेली ती मागणी उद्या कुणीतरी रडत लिहिणार होते. तिने थेट जिल्हाधिकाऱ्यांना फोन लावला.

"साहेब, उद्याचं उद्घाटन पुढे ढकला. माझ्या कामात मोठी चूक राहिली आहे."

पलीकडे साहेबांचा आवाज चढत गेला. मंत्री, मांडव, वर्तमानपत्रे, सगळे काढून झाले. ती मध्ये मध्ये एवढेच म्हणत राहिली, "नाही साहेब, उद्या नाही."